कपाटातून कॉरिडॉरमध्ये: विभागातल्या जुन्या वस्तू पहिल्यांदाच मांडणाऱ्यांसाठी

आपल्याकडच्या इतिहास किंवा मराठी विभागात एक लोखंडी कपाट असतंच. त्याची किल्ली कुणाकडे आहे हे शोधण्यातच दोन दिवस जातात. उघडलं की आत बुटाच्या खोक्यात नाणी, प्लास्टिकच्या पिशवीत खापरं, लाल बासनात बांधलेले मोडी कागद, मान तुटलेला एखादा दगडी नंदी आणि पितळेची चार मापं. कुणीतरी कधीतरी हौसेनं जमवलेलं. मग एक दिवस नॅकची (कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेची) समिती येणार असते आणि सर म्हणतात, "पोरांनो, ह्याचं काहीतरी मांडा की. आठ दिवस आहेत."

आठ दिवसांत होत नाही, हे आधीच सांगतो. एक अख्खं सत्र मागून घ्या. हल्ली फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट मिळतात, त्यात बसवा. अगदीच नड असेल तर समितीपुरती एकच पेटी नीट करा, बाकीचं नंतर.

मी हे काम विद्यार्थी असताना एकदा केलं, शिकवायला लागल्यावर दोनदा. पहिल्या वेळी आम्ही दोन काचेच्या कपाटांत लाल मखमल अंथरली, थर्माकोलची सोनेरी अक्षरं चिकटवली आणि ४१ वस्तू रचल्या. नंतर समोरच्या बाकावर बसून तीन दिवस पाहत राहिलो. थांबले ते बहुतेक काचेत बघून केस विंचरायला. बाकावर बसून एवढं मात्र कळलं, की कॉरिडॉरमधला माणूस वस्तू बघायला आलेलाच नसतो. संग्रहालयात माणूस ठरवून जातो. इथे तो परीक्षेचा फॉर्म भरायला, नाहीतर उशीर झालेल्या तासाला निघालेला असतो. त्याचा पाय अर्धा मिनिट थबकला पाहिजे, ही आपली परीक्षा. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

आधी वही

पहिल्या दिवशी एकही वस्तू मांडायची नाही. एक जाड रजिस्टर आणा. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या: ज्या वर्षी नोंद केली ते वर्ष आणि पुढे अनुक्रम, म्हणजे २०२५.१, २०२५.२ असा. समोर लिहा: काय आहे, कशाचं आहे, लांबी-रुंदी-वजन, कुठे तडा आहे, कुठून आलं, कुणी दिलं. माहीत नसेल तिथे "नोंद नाही" असं स्वच्छ लिहा. "सातवाहनकालीन असावे" असं अंदाजानं लिहिलेलं एक वाक्य पुढची वीस वर्षं खरं म्हणून फिरतं. प्रत्येक वस्तूचे मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून.

क्रमांक वस्तूवर बॉलपेनानं लिहू नका, सेलोटेपही चिकटवू नका. टेपचा डिंक दोन उन्हाळ्यांत पिवळा पडतो आणि निघताना वरचा थर घेऊन निघतो. सुती नाडीला कागदी चिठ्ठी बांधा. नाणी लहान, म्हणून ती क्रमांक लिहिलेल्या स्वतंत्र पाकिटात.

ह्याच टप्प्यावर कायद्याचं थोडं बघून घ्या. पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. मूर्ती, चित्रं, हस्तलिखितं अशा काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. तुमच्या विभागाची झाली आहे का, ते विभागप्रमुखांना विचारा आणि उत्तर लेखी घ्या. दुसरी गोष्ट पोरांच्या उत्साहाची. आपल्याकडे गावोगाव पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीची, टेकाडं आहेत आणि पावसाळ्यानंतर तिथे खापरं, मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे वर येतात. "सर, मी आणू का प्रदर्शनासाठी?" असं कुणीतरी विचारतंच. नाही. संरक्षित जागेवरून काहीही उचलायचं नाही. आणि जमिनीत पुरलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, हा कायदा १८७८ पासूनचा आहे. त्याहून मोठं कारण असं, की मणी टेकाडावरून उचलला की तो कोणत्या थरातला हे कायमचं पुसलं जातं. उरतो नुसता मणी.

घासू नका

हे मी मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या दारावर लावतो. आमच्यातल्या एकानं रात्री होस्टेलवर एक तांब्याचं नाणं चिंच आणि मिठानं घासलं. सकाळी नाणं नव्या पैशासारखं चमकत होतं आणि त्यावरची अक्षरं गेली होती. हिरवट-तपकिरी जो थर असतो त्यातच बहुतेक वेळा लेखाचे शेवटचे उठाव शिल्लक असतात. पितळेची भांडी चकाकवायच्या पावडरीही तशाच. मऊ ब्रशनं धूळ झटका, तेवढंच आपलं काम. खापर मातीनं भरलेलं असेल तरी पाण्यात बुडवू नका.

एका गोष्टीवर मात्र लक्ष ठेवा. तांब्याच्या किंवा काशाच्या वस्तूवर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी दिसली आणि झटकल्यावर काही दिवसांत परत आली, तर तो रोग आहे. धातूत शिरलेले क्षार दमट हवेत पुन्हा जागे होतात. ती वस्तू वेगळी करा, कोरड्या डब्यात सिलिका जेलसोबत (ओल शोषणारे दाणे) ठेवा आणि पुरातत्त्व विभागाच्या जाणकाराला दाखवा.

उचलताना दोन्ही हात. घागरीला काठ धरून, मूर्तीला डोकं किंवा हात धरून कधी उचलायचं नाही. तुटतं ते तिथेच. धातूला नायट्रिलचे हातमोजे, कागदाला मात्र स्वच्छ धुतलेले कोरडे हात बरे, कारण मोज्यांतून पानाची कड कळत नाही आणि पान फाटतं.

बाकावर बसा

आता वही मिटा आणि ज्या भिंतीसमोर मांडणी करायची तिथे जाऊन बसा. सकाळी अकराला, दुपारी दोनला, संध्याकाळी पाचला. कोण जातं, कुठून वळतं, कुठे रेंगाळतं ते पाहा. आमच्याकडे सगळ्यांत जास्त लोक थांबायचे ते पाण्याच्या कूलरपाशी आणि निकाल लावतात त्या फळ्यापाशी. विभागप्रमुखांच्या दारासमोर कुणीच थांबत नव्हतं, आणि शोकेस नेमकी तिथेच ठेवायची असा आग्रह होता. तुम्हालाही हा आग्रह होईल. तीन दिवसांचे आकडे कागदावर नेऊन दाखवा. तोंडी वाद घालून उपयोग होत नाही.

जमल्यास ह्याच आठवड्यात एखादं खरं संग्रहालय बघून या. छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाचं इतिहास वस्तुसंग्रहालय आहे, जवळच सोनेरी महाल आहे. पैठणला बाळासाहेब पाटील संग्रहालय, धाराशिव जिल्ह्यात तेरला लामतुरे संग्रहालय. तेरला तर जाच. तेर म्हणजे प्राचीन तगर. पेरिप्लस ह्या ग्रीक भाषेतल्या जुन्या व्यापारी प्रवासवर्णनात पैठण आणि तगर ही दोन्ही नावं येतात, आणि तेरच्या हस्तिदंती बाहुलीचं थेट इटलीत पाँपेईला सापडलेल्या मूर्तीशी नातं सांगितलं जातं. एवढ्या मोठ्या गोष्टीची नायिका हातभरही उंच नाही. लहान वस्तूपुढे माणूस कसा वाकतो, किती जवळ जातो, सावली कुठे पडते, हे तिथे उभं राहून बघा. वस्तूंपेक्षा बघणाऱ्यांकडे जास्त बघा.

एक प्रश्न, पाच वस्तू

४१ वरून आम्ही दुसऱ्या वेळी १२ वर आलो, तिसऱ्या वेळी पाचवर. गाळताना जीव तुटतो, पण एका पेटीत एकच प्रश्न असावा आणि त्याचं उत्तर देणाऱ्याच वस्तू. "मराठवाड्याचा समृद्ध वारसा" हा प्रश्न नाही, ती भाषणाची सुरुवात आहे.

उदाहरण देतो. धान्याची मापं जवळपास प्रत्येक विभागात असतात. ती "जुनी पितळी भांडी" म्हणून ओळीत ठेवली तर कुणी बघत नाही. पण चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली अशी क्रमानं लावा: दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक पुढचं माप मागच्याच्या दुप्पट. वर प्रश्न लिहा: "एका पायलीत चिपटी किती?" गणिताची पोरं थांबतात, बोटं मोजतात. उत्तर झाकणाखाली ठेवा. (सोळा.) आणि मग दुसरा प्रश्न आपोआप येतो, की गावोगावची पायली सारखीच होती का? नव्हती. मजुरी कोणत्या पायलीनं मोजायची हे कोण ठरवत होतं, इथवर गोष्ट जाते.

दुसरं उदाहरण हाली सिक्क्याचं. निजामाच्या राज्याचा रुपया वेगळा होता, त्याला हाली म्हणत. इंग्रजी रुपया तो कलदार. ढोबळ हिशेबानं सात हाली म्हणजे सहा कलदार. १७ सप्टेंबर १९४८ ला राज्य गेलं तरी हाली लगेच गेला नाही, पुढे काही वर्षं तो चालत राहिला. दोन नाणी शेजारी ठेवायची, मध्ये ७ आणि ६ हे आकडे, आणि खाली: "घरी विचारा, आजोबांच्या तोंडी कोणता रुपया होता?" आमच्याकडे ह्या पेटीखाली ठेवलेल्या वहीत पोरांनी घरून विचारून आणलेली उत्तरं लिहिली. ती वही आता स्वतःच नोंदवलेली वस्तू आहे.

निवडताना एक गोष्ट जाणूनबुजून तपासा. गढीतल्या वस्तू लवकर मिळतात. तलवार, पानदान, अडकित्ता, पैठणी. देणारे उत्साहानं देतात, वस्तू दिसायलाही देखण्या. पण मग पेटी बघून वाटतं, मराठवाड्यात फक्त देशमुख-पाटलांचीच घरं होती. गावकुसाबाहेरच्या घरात जपून ठेवण्यासारखं फार नव्हतं आणि जे होतं ते वापरून झिजलं. ते शोधावं लागतं. आमच्या तिसऱ्या मांडणीत सगळ्यांत जास्त वेळ लोक ज्या वस्तूपुढे थांबले ती एक पत्र्याची पेटी होती. घरातून पहिल्यांदाच शिकायला शहरात आलेल्या एका विद्यार्थ्याची, झाकणावर पेंटनं लिहिलेलं नाव, आत वर्तमानपत्राचं अस्तर. वय जेमतेम पन्नास. कायद्यानं ती पुरावशेष नाही, पण विद्यापीठाच्या इमारतीत तिच्याइतकी हक्काची वस्तू दुसरी सापडणार नाही.

घरून आणलेल्या वस्तूला पावती द्या, परत कधी करणार ते लिहा, पाटीवर नाव घालू का ते विचारा. काहींना नको असतं.

ऊन, पाऊस आणि पारवे

जागा ठरली की ती जागा वस्तूला सोसेल का ते बघायचं. आपली हवा दोन टोकांची. मे महिन्यात दुपारी कोरडी ठणठणीत, ओठ फुटतात; जुलैत तीच भिंत घाम गाळते. लाकूड, हस्तिदंत, हाड, चामडं ह्या चढउतारानंच तडकतं. मातीच्या वस्तूंतले क्षार बाहेर येऊन लोणा धरतात. साधं डिजिटल तापमान-आर्द्रता यंत्र काही शे रुपयांत मिळतं. ते महिनाभर त्या जागेवर ठेवा आणि सकाळ-दुपार आकडे लिहा. पन्नास टक्क्यांच्या आसपास आणि स्थिर, हे बहुतेक लाकडी-कागदी वस्तूंना मानवतं. धातूला त्याहून कोरडं हवं, चाळीसच्या खाली. म्हणून नाणी आणि पोथ्या एका पेटीत ठेवू नका.

उन्हासाठी यंत्र नको. वर्तमानपत्राचा तुकडा घ्या, अर्धा पुठ्ठ्यानं झाका, एप्रिलमध्ये पंधरा दिवस त्या भिंतीवर लावून ठेवा. पुठ्ठा काढल्यावर दोन रंग दिसले तर ती भिंत कागदाला आणि कापडाला वर्ज्य. मोडी कागद, हिमरू, पैठणी यांना ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड नको. म्हणजे डोळ्यांना अंधुकच वाटेल. दगड, खापर यांना उजेडाचं फारसं काही नाही. कागद असेल तर माझं मत स्पष्ट आहे: चांगली रंगीत प्रत काढून ती लावा, पाटीवर "प्रत" असं लिहा आणि मूळ कागद कपाटात अंधारात ठेवा. मूळच लावायचं असेल तर तीन महिन्यांनी बदला.

आणि वर बघा. छतातून गळतं का, पारवे कुठे बसतात, पालींची जागा कोणती. हे शिपाई मामांना विचारा, इंजिनिअरला नाही. "इथं दर श्रावणात वरून पाणी येतंय," हे आम्हाला मामांनीच सांगितलं होतं. आम्ही ऐकलं नव्हतं.

जिना आणि बाहेर पडायची वाट सोडून पेटी ठेवायची. पेटी बसवल्यावरही व्हीलचेअर वळेल एवढी मोकळी जागा राहिली पाहिजे. आधी खडूनं जमिनीवर आखा, त्यावर फ्रीजचा रिकामा खोका उभा करा आणि दोन दिवस लोकांना त्याच्या कडेनं चालू द्या. ठेचकाळणारे ठेचकाळतील, आपलं नुकसान पुठ्ठ्याचं.

पेटी कशाची

इथे सगळे चुकतात, मीही चुकलो. मिस्त्रीला बोलावलं की तो प्लायवूड किंवा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) सुचवतो. स्वस्त, पटकन होणारं, वरून सनमायका. पण ह्या फळ्यांतून आणि त्यांच्या डिंकातून आम्लाची वाफ महिनोन्‌महिने निघत राहते. बंद पेटीत ती कोंडते. चांदी-तांब्याला त्रास होतो तो होतो, पण शिसं तर अक्षरशः पांढरं पडून भुगा होतं. आणि आपल्याकडच्या सातवाहन नाण्यांत शिशाची नाणी कितीतरी! दोन हजार वर्षं मातीत टिकलेलं नाणं आपल्या नव्याकोऱ्या शोकेसमध्ये दोन पावसाळ्यांत जातं. मखमल आणि रंगीत फेल्टही तसंच. लोकरीच्या फेल्टमधून गंधक येतं, चांदी काळी पडते.

मग काय वापरायचं? पावडर-कोटिंग केलेल्या लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीला टफन काच. आपल्याकडे कुठल्याही तालुक्याला खिडक्या करणारा फॅब्रिकेटर असतो, तो हे करतो. त्याला चित्र देऊन सांगा, फोनवर नको. काचेचे सांधे भरायला तो सिलिकॉन लावेल. त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर थांबवा, तो वासच आम्लाचा आहे. न्यूट्रल सिलिकॉन मागा. रंग दिल्यावर किंवा सिलिकॉन लावल्यावर पेटी तीन-चार आठवडे उघडी ठेवा. तळाशी अंथरायला धुऊन खळ काढलेला पांढरा मांजरपाट. दिसतोही छान, खापराचा रंग त्यावर उठतो.

जुनंच प्लायवूडचं कपाट वापरावं लागलं (पैसे नसतात, कळतं मला) तर आतून जाड पॉलिएस्टर फिल्म किंवा अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेली फिल्म लावून लाकूड वस्तूंपासून तोडा आणि शिशाच्या वस्तू त्यात ठेवूच नका.

दिवा पेटीच्या आत नको. एलईडीची पट्टी थंड म्हणून आत लावतात, पण तिचा ड्रायव्हर तापतो. तो बाहेर ठेवा. आणि लाईट गेल्यावरही मांडणी कळली पाहिजे. प्रोजेक्टर आणि टचस्क्रीनवर उभारलेल्या गोष्टी आपल्याकडे उद्घाटनाच्या दिवशीच बंद पडतात.

आडव्या पेटीची उंची जमिनीपासून ८५-९० सेंटिमीटर, खाली पाय शिरतील अशी पोकळी. भिंतीवरच्या वस्तूचा मध्य दीड मीटरच्या आतबाहेर. पेटी बसवायच्या आधी काच हातात धरून त्या जागी उभी करा आणि समोर काळा शर्ट घातलेल्या कुणाला तरी उभं करा. त्यात खिडकी दिसत असेल तर लोक केसच विंचरतील. पेटी थोडी वळवा.

कीड हा वेगळाच विषय. मापांत खरी ज्वारी भरून ठेवायची कल्पना माझीच. आषाढात पेटीत सोंडे फिरत होते आणि तिथून ते शेजारच्या पोथीत गेले. खाण्यासारखं काहीही पेटीत नको. डांबरगोळ्याही नकोत, त्यांची वाफ वस्तूंवर बसते आणि रोज ती पेटी उघडणाऱ्या माणसाच्या छातीतही जाते.

वस्तू उभी कशी राहणार

गोल बुडाची घागर, एका बाजूला कलणारी मूर्ती, यांना आधार लागतो. जाड पॉलिथीन फोम वस्तूच्या आकारात कोरा आणि मांजरपाटानं झाका. तारेचा आधार असेल तर तारेवर नळी चढवा. वस्तूला भोक पाडायचं नाही, काही चिकटवायचं नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आपल्याकडे कुणी विसरलेलं नाही, तेव्हा उंच, अरुंद वस्तू पारदर्शक नायलॉनच्या दोऱ्यानं आधाराला बांधा आणि पेटी भिंतीला पकडा. एरवीही वरच्या मजल्यावर रोज बाकं ओढली जातात. त्या थरथरीनं नाणी महिनाभरात इंचभर सरकलेली आम्ही पाहिली आहेत.

देवाच्या मूर्ती पायाच्या उंचीवर ठेवू नका. बघणारे यायच्या आधी तक्रार येईल, आणि ती रास्त असेल. उघड्यावरही ठेवू नका. आमच्या नंदीला चौथ्या दिवशी हळदकुंकू लागलं, सातव्या दिवशी तेल. भावना समजते, पण तेल दगडात मुरतं आणि निघत नाही. आम्ही काच लावली.

हात लावायला काहीतरी द्या मात्र. जातं द्या. दगडाला काही होत नाही, फक्त वरची तळी निखळणार नाही अशी बसवा, म्हणजे कुणाच्या पायावर यायची नाही. जातं फिरवून बघितल्याशिवाय पुढे गेलेला विद्यार्थी मी अजून पाहिलेला नाही. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे फिरवतात.

पाटी

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. पेटी पैशानं होते. पाटीला डोकं लागतं.

पहिल्या वेळची आमची पाटी अशी होती: "जाते. काळ: मध्ययुगीन (?). साहित्य: बेसाल्ट. प्रस्तुत वस्तूचा वापर प्राचीन काळापासून धान्य दळण्यासाठी केला जात असे." ह्यात जातं बघून कळत नाही असं एकच आहे, बेसाल्ट. ते प्रश्नचिन्ह तर वाचणाऱ्याला सांगतं की आम्हालाही फिकीर नाही.

तिसऱ्या वेळची: "खुंट्याचं भोक एकाच बाजूनं झिजलं आहे. ज्या बाईनं हे फिरवलं ती वर्षानुवर्षं एकाच दिशेनं फिरवत असणार. बोट घालून बघा." वाचणारा बोट घालतो. वस्तूवरची जी खूण फक्त जवळ गेल्यावर दिसते, तिथून पाटी सुरू करा. झीज, तडा, डाग, दुरुस्ती, कुणी खरवडलेलं नाव. अंदाज असेल तर "असणार" म्हणा, ठाम बोलू नका. काळ, साहित्य, नोंद क्रमांक खाली बारीक ओळीत.

पन्नास-साठ शब्दांत संपवा. "प्रस्तुत", "सदर", "दृग्गोचर" हे शब्द दिसले की काढा. पाटी लिहून झाली की ती मोठ्यानं वाचून दाखवा: एकदा वॉचमन काकांना, एकदा विज्ञान शाखेच्या पोरीला. त्या दोघांनी जिथे "म्हणजे?" विचारलं तिथे वाक्य मोडायचं. त्यानंतरच सरांना दाखवा, कारण सर एखादा शब्द वाढवतात, कमी कधी करत नाहीत.

निजामकाळातली कागदपत्रं उर्दूत आणि मोडीत असतात. पेटीत कागद ठेवून "मोडी पत्र" एवढंच लिहिणं म्हणजे बंद लिफाफा दाखवणं. निदान एक ओळ तरी देवनागरीत उतरवा, तिचा अर्थ द्या आणि ती ओळ कागदावर नेमकी कुठे आहे ते प्रतीवर रेघ मारून दाखवा. मोडी वाचणारं कुणी आसपास सापडतं. उर्दूसाठी तुमच्याच कॉलेजात विभाग असेल. त्यांना बोलवा, पाटीवर त्यांचं नाव घाला.

अक्षर चोवीस पॉइंटपेक्षा लहान नको. मराठीत वर वेलांटी, खाली उकार, म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते. गर्द अक्षरं, फिक्या रंगाची पार्श्वभूमी, सोनेरी काही नाही.

आणि छपाई. फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर युनिकोडची मांडणी फुटते, "कृष्णा"चं काहीतरी भलतंच होतं. मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका, पीडीएफ न्या आणि अक्षरांची आउटलाइन करून (म्हणजे अक्षरांचं चित्र करून) न्या. फ्लेक्सवर नको, त्याला वास येतो आणि चकाकतो. मॅट कागदावर छापून सनबोर्डवर चिकटवा, पेटीच्या बाहेर लावा. आधी साध्या प्रिंटरवर पाट्या काढून आठवडाभर कागदी चिकटपट्टीनं लावून ठेवा. चुका येणारे-जाणारेच काढून देतात, फुकट.

उद्घाटन झाल्यावर

फीत कापली, फोटो झाले, समिती गेली. आता बॅच पास होऊन जाणार. मी पाहिलेल्या बंद पडलेल्या मांडण्या ह्याच फटीत गेल्या. म्हणून पेटीमागे एक कागद चिकटवा: दर सोमवारी काच ओलसर फडक्यानं पुसणं (फडक्यावर पाणी मारायचं, काचेवर नाही), आर्द्रतेचा आकडा लिहिणं, कोपऱ्यांत भुकटी किंवा किड्यांची पंखं दिसतात का बघणं. महिन्याला वहीतल्या क्रमांकांशी वस्तू ताडून बघणं. सिलिका जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये तापवून पुन्हा भरणं. हे काम राष्ट्रीय सेवा योजनेच्या दोन मुलांकडे नावानिशी द्या, "सर्वांनी मिळून" असं कधी देऊ नका.

पुन्हा बाकावर बसा, पहिल्या महिन्यात तरी. कोण थांबलं, किती वेळ, कुठली पाटी अर्ध्यात सोडली. जी पेटी कुणालाच थांबवत नाही ती बदला. वर्षातून एकदा पाचातल्या दोन वस्तू कपाटात आणि कपाटातल्या दोन बाहेर.

किल्ल्या दोन करा. एक विभागप्रमुखांच्या ड्रॉवरमध्ये, पाकिटावर पेटीचं नाव घालून. दुसरी शिपाई मामांकडे. रजिस्टरच्या पहिल्या पानावर दोन्ही जागा लिहा, आणि मामा निवृत्त होतील त्या दिवशी ते पान बदला.